गरुड नंतर, आधी पाणी शोधा: अमेरिकेत घराजवळ बाल्ड ईगल बघण्यासाठी

न्यू जर्सीतलं एडिसन, ब्रिजवॉटर, पर्सिपनी किंवा पेनसिल्व्हेनियातलं एक्स्टन, यांपैकी कुठेही राहत असाल तर घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या ड्राइव्हवर बाल्ड ईगलचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचं, एखादं घरटं असण्याची दाट शक्यता आहे. तरी इथे दहा-दहा वर्षं काढलेल्या आपल्या लोकांना हा पक्षी भेटलेला असतो तो डॉलरच्या नोटेवर, नाहीतर पासपोर्टच्या मुखपृष्ठावर. मुंबई-पुण्यात डोक्यावर दिवसभर घारी फिरत असतात, त्यामुळे मोठा पक्षी दिसला म्हणून मान वर करायची सवय आपल्याला नसते. शिवाय ईगल बघायचा तर अलास्काची क्रूझ बुक करावी लागते, हा समज आहेच.

क्रूझ जरूर करा, पण ईगलसाठी नको. १९६३ साली अलास्का सोडून उरलेल्या मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत मिळून बाल्ड ईगलच्या फक्त ४१७ जोड्या शिल्लक होत्या. शेतांवर आणि दलदलींवर फवारलेलं डीडीटी माशांतून यांच्या पोटात जायचं आणि अंड्यांची टरफलं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानेच फुटायची. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पुढच्या काही दशकांत चित्र पालटलं. २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त जातींच्या केंद्रीय यादीतून बाहेर आला. २०१८-१९ च्या पाहणीवरून सरकारने काढलेला आकडा आहे ७१,४६७ जोड्यांचा, तोही याच ४८ राज्यांसाठी.

न्यू जर्सीची गोष्ट तर या आकड्यांपेक्षाही बोलकी आहे. १९७० च्या दशकाअखेरीस अख्ख्या राज्यात एकच घरटं उरलं होतं, दक्षिणेला कंबरलंड काउंटीतल्या बेअर स्वॅम्पमध्ये, आणि तिथेही पिल्लं होत नव्हती. १९८२ पासून जीवशास्त्रज्ञ त्या घरट्यातलं अंडं काढून नेऊन प्रयोगशाळेत उबवायचे आणि पिल्लू परत घरट्यात आणून ठेवायचे. सोबत आठ वर्षांत कॅनडातून ६० पिल्लं आणून सोडली. आता राज्यात दोनशेहून जास्त घरटी आहेत आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या यादीतूनही बाल्ड ईगलचं नाव काढलं गेलं. म्हणजे पक्षी आहेत. प्रश्न आपण कुठे आणि कधी बघतो, एवढाच आहे.

मी मध्य न्यू जर्सीत राहते, म्हणून पुढचं बरंचसं इथलं आहे. बाकीच्या राज्यांतल्या लोकांसाठी शेवटाकडे काही जागा दिल्या आहेत. पद्धत सगळीकडे तीच.

पायरी १: नकाशावर पाणी शोधा

हा पाण्याचा पक्षी आहे. मासे हे मुख्य खाणं, त्यानंतर बदकं, मेलेली हरणं, रस्त्यावर गाडीखाली आलेलं जे असेल ते. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा समुद्री गरुड आणि हा, दोघं एकाच कुळातले. गुहागर-मालवणकडे किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा तो भलाथोरला ढीग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना इथलं घरटं ओळखायला वेगळं शिकवावं लागणार नाही.

गूगल मॅप्स उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि घराभोवती वीसेक मैलांत चार गोष्टी हुडका: मोठा रेझर्व्हॉयर, रुंद नदी, धरण, आणि नदीकाठचा वीजप्रकल्प. काठाला उंच झाडं हवीत आणि तुम्हाला उभं राहायला सार्वजनिक जागा हवी. माझ्या भागात मेरिल क्रीक, राउंड व्हॅली आणि स्प्रूस रन हे तिन्ही रेझर्व्हॉयर चांगले. हिल्सबरोचं ड्यूक फार्म्स तर प्रसिद्धच आहे, तिथल्या घरट्यावर कॅमेरा लावलेला आहे आणि त्याचं थेट प्रक्षेपण घरबसल्या दिसतं. जर्सी सिटीकडच्यांना लिंडहर्स्टचं डीकॉर्ट पार्क जवळ. आणि एखादा पूर्ण दिवस हाताशी असेल तर सेलम काउंटीतल्या मॅनिंग्टन मेडोला जा. मला विचाराल तर राज्यात त्यासारखी जागा नाही.

आणखी एक ठिकाण कुठल्याच पर्यटनपत्रकात नसतं, ते म्हणजे कचऱ्याचं लँडफिल. राष्ट्रीय पक्षी कचऱ्याच्या डोंगरावर सीगलशी मारामारी करतोय हे दृश्य देशभक्तांना फारसं आवडत नाही, पण दिसतो तो तिथे हमखास.

पायरी २: थंडी पडू द्या

डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी, हा खरा मोसम. पानगळ झालेली असते, त्यामुळे फांदीवर बसलेला पक्षी लपत नाही. उत्तरेकडचे, कॅनडातले पक्षी खाली उतरलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तळी गोठतात. छोट्या-मोठ्या पन्नास तळ्यांवर विखुरलेले ईगल मग जिथे पाणी अजून उघडं आहे तिथे गोळा होतात: धरणाच्या खाली, वीजप्रकल्पाचं कोमट पाणी नदीत मिळतं तिथे, खाडीच्या तोंडाशी. सलग चार-पाच दिवस तापमान गोठणबिंदूच्या खाली राहिलं की पुढचा शनिवार मोकळा ठेवा. शेजारीपाजारी हवामानाला शिव्या देत असतील तेव्हा तुम्ही खुशीत असाल.

दिवसातली वेळ म्हणाल तर सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंतची उत्तम, कारण तेव्हा मासेमारी चालते. नंतर ऊन तापलं की पक्षी गरम हवेच्या झोतांवर चढून उंच घिरट्या घालतात, तेव्हा आकाशाकडे बघायचं. सूर्यास्ताआधीच्या तासाभरात ते रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांकडे परततात. काही ठिकाणी एकाच झाडावर पाच-सात जण बसलेले दिसतात.

आई-बाबा भारतातून येतात ते बहुतेक उन्हाळ्यात. त्यांना दाखवायचा असेल तर वेळापत्रक लक्षात ठेवा. आमच्याकडे जोड्या डिसेंबर-जानेवारीत घरटं डागडुजीला काढतात, फेब्रुवारीच्या मध्याला बहुतेकांची अंडी असतात, साधारण ३५ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं आणि दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे जूनच्या आसपास, उडायला लागतं. जूनमध्ये पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख फडफडवत सराव करतात, आणि आकाराने आईबापांएवढी असल्यामुळे लांबूनही सहज दिसतात. मे-जूनमध्ये आलेल्या पाहुण्यांना हेच दाखवावं. ऑगस्टमध्ये मात्र नशिबावर हवाला. फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठी हे सगळं गणित दोन-तीन महिने अलीकडे सरकतं. तिथे अंडी नोव्हेंबर-डिसेंबरातच घातली जातात.

पायरी ३: फोनवर ईबर्ड लावा

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ईबर्ड फुकट आहे. देशभरातले पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी त्यात टाकतात. साइटवर ‘एक्सप्लोअर’मध्ये ‘स्पीशीज मॅप्स’ उघडून बाल्ड ईगल लिहा आणि नकाशा आपल्या गावापर्यंत मोठा करा. लाल खुणा म्हणजे गेल्या तीस दिवसांतल्या नोंदी. खुणेवर बोट ठेवलं की तारीख आणि संख्या दिसते. ज्या जागेवर चार वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी पक्षी पाहिलाय ती जागा पक्की समजायची. एकच खूण असेल तर तो वरून उडत गेलेला असू शकतो, त्यासाठी पेट्रोल जाळू नये.

त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप फोटोवरून पक्षी ओळखून देतं. नवख्या माणसाला ते फार कामाचं आहे.

पायरी ४: सामान

एकच गोष्ट लागते, दुर्बीण. ८×४२ अशी घ्या. आठ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहापट, बारापट दाखवतील. घेऊ नका. पट जितकी जास्त तितका हाताचा कंप जास्त दिसतो आणि दिसणारा टापू छोटा होतो, त्यामुळे नवख्याला पक्षी भिंगात सापडतच नाही. शंभर-दीडशे डॉलरमध्ये चांगली दुर्बीण येते. काही गावांच्या पब्लिक लायब्रऱ्या दुर्बीण घरी वापरायला देतात, आधी तिथे चौकशी करा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून किंवा फिरवून आत घ्या. हे कुणी सांगत नाही, आणि चष्मेवाले बिचारे काळी वर्तुळं बघत बसतात.

मोठी लेन्स, ट्रायपॉड, हिरवे-खाकी कपडे यांतलं काही नको. कपडे फक्त गरम हवेत. वीस फॅरनहाइटला चालणं सोपं आहे, उभं राहणं अवघड. एक थर जास्तच घाला, बुटात टो-वॉर्मर ठेवा, चहाचा थर्मास घ्या. मुलं बरोबर असतील तर खाऊ दुप्पट.

पायरी ५: जागेवर पोचल्यावर काय करायचं

लोक इथे चुकतात. गाडीतून उतरतात, आकाशाकडे बघतात, दहा मिनिटांत ‘काही नाही इथे’ म्हणून निघून जातात. ईगल तेव्हा समोरच्या काठावर बसलेला असतो.

हा पक्षी कमालीचा बसका आहे. पोट भरलेलं असेल तर तास न् तास एका फांदीवरून हलत नाही. म्हणून आधी आकाश सोडा. पलीकडच्या काठावरची झाडं नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. शेंड्याजवळची जाड, आडवी, पाण्यावर झुकलेली फांदी ही त्याची आवडती बैठक. तिथे पांढरा ठिपका दिसला की दुर्बीण लावायची. दर वेळी ईगल निघेल असं नाही. फांदीवर साचलेला बर्फ, वाऱ्याने उडून अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी, सायकमोर झाडाची पांढरी साल, हे सगळे आपल्याला फसवतात. ठिपक्याखाली काळपट, उभट धड आहे का ते बघा. आहे? मग आता नीट बघा.

पाणी गोठलेलं असेल तर बर्फाची कडा तपासा. बर्फ संपून पाणी सुरू होतं त्या रेषेवर ईगल सरळ उभे राहतात आणि लांबून ओंडक्यासारखे दिसतात. आइस-फिशिंगवाले उठून गेले की त्यांनी टाकलेल्या माशांवर यांची पंगत बसते.

बाकीचे पक्षी तुमचं काम बरंच हलकं करतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. निवांत तरंगणारी बदकं अचानक सगळीच्या सगळी उडाली, किंवा काळे कूट पक्षी एकमेकांना चिकटून घट्ट गोळा झाले, तर वर बघा. ईगल येतोय. पाणकावळे आणि सीगल उठले तरी तेच. रानात कावळ्यांनी एकाच झाडाभोवती कालवा मांडला असेल तर मधे बहुतेक घुबड असतं, ससाणा असतो, नाहीतर हा.

ऊन पाठीवर घ्या. समोरून ऊन आलं तर पांढरं डोकंही काळं दिसतं. गाडीतूनच बघणार असाल तर काच खाली करा आणि हीटर बंद करा. आतली गरम हवा बाहेरच्या थंडीत मिसळली की दुर्बिणीतलं चित्र थरथरतं आणि नवी दुर्बीण खराब निघाली असं वाटायला लागतं. एक मात्र आहे, गाडीचा आडोसा उत्तम असतो. पक्षी गाडीला बुजत नाही, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला बुजतो.

ट्रायपॉडवर मोठी टेलिस्कोपसारखी स्कोप लावून उभी असलेली माणसं दिसली तर जाऊन हॅलो म्हणा. ‘बघायचंय का?’ असं विचारून ती स्वतःच बाजूला होतात. आपली भिडस्त मंडळी लांबूनच बघत राहतात, ते करू नका. आणि रस्त्याकडेला दुर्बीण घेऊन उभं राहिलेल्या माणसाकडे कधीकधी लोक संशयाने बघतात. दुर्बिणीचं तोंड कुणाच्या घराकडे जाऊ देऊ नका, खासगी जमिनीवर पाऊल टाकू नका, आणि कुणी विचारलं तर हसून ‘ईगल’ एवढं म्हणा. समोरचा बहुतेक वेळा त्याने पाहिलेल्या ईगलची गोष्ट सांगायला लागतो.

पायरी ६: हा तोच का?

पूर्ण वाढ झालेला पक्षी ओळखायला दोन सेकंद लागतात. पांढरंशुभ्र डोकं, पांढरी शेपटी, गडद तपकिरी अंग, मोठी पिवळीधमक चोच. पंखांचा पसारा सहा ते साडेसात फूट. मादी नरापेक्षा मोठी, जोडी शेजारी बसली की फरक कळतो.

घोळ होतो तो पिल्लांत. डोकं पांढरं व्हायला चार ते पाच वर्षं लागतात. तोवर हा पक्षी तपकिरी असतो, आणि ‘हा कुठला तरी हॉक’ म्हणून नवखे त्याला सोडून देतात. पहिल्या वर्षी अंग, चोच, डोळे सगळंच काळपट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पंखांच्या खालच्या बाजूला, विशेषतः काखेत, पांढरे चट्टे येतात, जणू कुणी रंगाचा ब्रश झटकलाय. चौथ्या वर्षी डोकं मळकट पांढरं होतं आणि डोळ्यातून मागे एक काळी पट्टी राहते. या वयातला ईगल ऑस्प्रे (मासे धरणारा दुसरा शिकारी पक्षी) समजून हमखास गल्लत होते. चोच बघा. ऑस्प्रेची चोच लहान आणि काळी, याची जाडजूड.

इतर तोतये:

टर्की व्हल्चर, म्हणजे इथलं गिधाड. सगळ्यात जास्त गोंधळ याच्यामुळे. घिरट्या घालताना याचे पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले असतात आणि पक्षी डावीकडे-उजवीकडे सारखा डगमगतो. ईगलचे पंख फळीसारखे आडवे सरळ, डगमग नाही. लांबवर आकाशात नुसती काळी आकृती दिसत असेल तेव्हा एवढी एकच खूण पुरते, म्हणून ती आधी पाठ करा. शिवाय गिधाडाचं डोकं इतकं लहान की लांबून ते नसल्यासारखंच वाटतं. ईगलचं डोकं आणि मान पुढे चांगली आलेली दिसते.

ऑस्प्रे. खालून पांढरा, पंख मनगटाशी मोडलेले, त्यामुळे आकृती एम अक्षरासारखी. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि सूर मारतो. न्यू जर्सीत हिवाळ्यात हा नसतोच, मार्चच्या उत्तरार्धात परततो. म्हणजे जानेवारीत ‘ऑस्प्रे की ईगल’ हा वाद घालायची गरज नाही. मार्चनंतर मात्र दोघांना एकत्र बघायची मजा असते. ऑस्प्रेने मेहनतीने धरलेला मासा ईगल हवेतच दमदाटी करून हिसकावतो. राष्ट्रीय पक्ष्याचे हे धंदे फार जुने आहेत.

रेड-टेल्ड हॉक. हायवेच्या खांबावर बसलेला असतो तो बहुधा हाच. आकाराने ईगलच्या निम्मा, छाती फिकी, पोटावर तपकिरी रेघांचा पट्टा.

गोल्डन ईगल पूर्वेकडे फार क्वचित. पहिल्या हिवाळ्यात त्याचा विचारही करू नका. आणि कोकणातल्या ब्राह्मणी घारीशी तुलना करणाऱ्यांसाठी सांगते, डोकं तिचंही पांढरं असतं, पण तिचं अंग विटकरी आणि आकार याच्यासमोर अगदीच किरकोळ.

आवाजावर जाऊ नका. सिनेमात ईगल दिसला की जी करारी किंकाळी ऐकू येते ती बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉकची चिकटवलेली असते. खऱ्या बाल्ड ईगलचा आवाज बारीक, चिवचिवाटी, जरासा केविलवाणाच. एवढ्या धिप्पाड पक्ष्याकडून तो ऐकला की मुलं खो-खो हसतात.

आणि हो, तो लहान मूल उचलून नेऊ शकत नाही. आज्यांना ही भीती फार असते. स्वतःचं वजन तीन ते सहा किलो असलेला पक्षी साधारण दीड-दोन किलो घेऊन कसाबसा उडतो. मासा त्याहून जड निघाला तर पंखांनी पाणी वल्हवत काठापर्यंत येतो. हे दिसलं तर त्या दिवशी आणखी काही बघायची गरज नाही.

घरटं सापडलं तर

काटक्यांचा पाच-सहा फूट रुंद ढीग उंच झाडाच्या बेचक्यात दिसला तर तो बहुतेक ईगलचाच. तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचत जाते. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळ १९६३ मध्ये मोजलेलं एक घरटं २.९ मीटर रुंद आणि सहा मीटर खोल होतं.

इथे थांबा. अगदी शब्दशः. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार घरट्याच्या मोसमात पायी चालणाऱ्यानेही निदान ३३० फूट लांब राहायचं असतं. मी म्हणेन त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब राहा, दुर्बीण त्यासाठीच घेतली आहे. फेब्रुवारीत अंड्यांवर बसलेला पक्षी तुमच्यामुळे उठला तर थोड्या वेळात अंडी गार पडू शकतात. पक्षी तुमच्याकडे टक लावून बघतोय, घरट्यात उभा राहिलाय, ओरडतोय, अशी कुठलीही खूण दिसली तर तुम्ही आधीच फार जवळ आलात. मागे फिरा. ड्रोन नको. हाका, टाळ्या, आवाजाची रेकॉर्डिंग नको. आणि घरट्याचा नेमका पत्ता फेसबुकवर किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे पंधरा गाड्या उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट पिसाची. शाळेत वहीत मोरपीस ठेवत मोठी झालेली आपण माणसं, खाली पडलेलं सुंदर पीस दिसलं की हात जातोच. बाल्ड ईगलचं पीस उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे, ते आपोआप गळालेलं असलं तरी. १९४० च्या कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हिसावर असलेल्या माणसाने तर असल्या भानगडीत पडूच नये. मेलेल्या ईगलांची पिसं आणि अवशेष सरकार डेन्व्हरजवळच्या राष्ट्रीय भांडारात जमा करतं आणि तिथून ती मूलनिवासी जमातींना त्यांच्या धार्मिक विधींसाठी दिली जातात. पिसाचा फोटो काढा, पीस जिथल्या तिथे राहू द्या.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, बर्ड फ्लूची भीती असते. राज्याच्या वन्यजीव विभागाला फोन करा आणि ते येईपर्यंत मुलांना व कुत्र्याला लांब ठेवा.

वर्षातली एक मोठी सहल: कोनोविंगो

घराजवळ दोन-तीनदा ईगल दिसला की मग एकदा मेरीलँडला कोनोविंगो धरणावर जा. सस्क्वेहॅना नदीवरचं हे १९२८ मधलं धरण, मध्य न्यू जर्सीतून दोन-सव्वादोन तास. धरणाच्या खाली दार्लिंग्टनच्या बाजूला फिशरमन्स पार्क आहे. नोव्हेंबरचे मधले आठवडे सर्वोत्तम. तेव्हा इथे एका वेळी शेकडो ईगल जमतात.

कारण साधं आहे. धरणाची टर्बाइन सुरू झाली की त्यांतून जाणारे मासे घायाळ होऊन, गुंगून खालच्या बाजूला वर येतात. टर्बाइन सुरू होण्याआधी दिवे लुकलुकतात आणि भोंगा वाजतो. तो भोंगा माणसांसाठी इशारा म्हणून आहे, पण पक्ष्यांनाही त्याचा अर्थ कळला असावा असं तिथे उभं राहिल्यावर वाटतं. पाणी उसळायला लागलं की झाडांवरून एकेक जण सुटतो, पाय पुढे काढतो, पाण्याला शिवतो आणि मासा घेऊन उठतो. मग दुसरा त्याच्या मागे लागतो, तिसरा दुसऱ्याच्या. हवेतच पंजात पंजे अडकतात, मासा खाली पडतो आणि भलताच कुणी तो पळवतो. काठावर कॅमेऱ्यांची रांग एका सुरात कडकडत असते.

शनिवार-रविवारी पार्किंग भल्या सकाळीच भरतं, शक्य असेल तर मधल्या वारी सुट्टी काढा. आणि गाडी सांभाळा. इथे काळी गिधाडं आहेत आणि त्यांना गाड्यांच्या रबराचं व्यसन आहे. वायपरची पाती, काचेभोवतीच्या पट्ट्या, जे रबरी असेल ते ती चोचीने ओढून कुरतडतात. नेहमीचे लोक गाडीवर ताडपत्री टाकून चारही बाजूंनी बंजी कॉर्डने बांधतात. नवीन माणसाला ते वेड्यासारखं वाटतं, नवा वायपर विकत घेईपर्यंत. जुनी चादर आणि दोरी नेली तरी भागतं.

बाकीच्यांसाठी

न्यूयॉर्कमध्ये गाडी नसेल तरी अडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन पकडा आणि उत्तरेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. नदीवर वाहत्या बर्फाच्या तुकड्यांवर बसून ईगल चाललेले दिसतात. क्रोटन-हार्मनला उतरलात तर क्रोटन पॉइंट पार्क जवळच आहे. रुळांच्या कडेला उतरून फोटो काढायचा मोह मात्र टाळा.

वॉशिंग्टन डीसीवाल्यांना मेसन नेक, १९६९ मध्ये खास बाल्ड ईगलसाठी राखलेलं पहिलं केंद्रीय अभयारण्य. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्लॅकवॉटर अभयारण्य आहे. तिथे गाडीतून न उतरता सगळं बघता येतं, म्हणून आजी-आजोबांना घेऊन जायला हीच जागा उत्तम. शिकागोकडून स्टार्व्ह्ड रॉक, आयोवात मिसिसिपीवर लक्लेअरचं लॉक अँड डॅम १४. मिनेसोटात वबाशाला नदी हिवाळ्यातही वाहती राहते आणि काठावरच नॅशनल ईगल सेंटर आहे. सिएटलवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत स्कॅजिट नदीवर रॉकपोर्टला जावं. अंडी घालून मेलेल्या चम सामन माशांवर तिथे ईगल तुटून पडलेले असतात. व्हँकूव्हरकडच्यांना ब्रॅकनडेल. तिथे १९९४ च्या हिवाळी मोजणीत ३,७६९ ईगल मोजले गेले होते. बे एरियात तर मिलपिटासमध्ये, भर वस्तीत, कर्टनर एलिमेंटरी शाळेच्या रेडवूड झाडावर २०१७ पासून एक जोडी घरटं करत आली आहे. शाळा आहे हे लक्षात ठेवा आणि लेन्स घेऊन जायचं तर शाळेच्या वेळेबाहेर जा.

पायात कडं दिसलं तर

फोटो काढलात तर घरी येऊन तो मोठा करून पाय बघा. बऱ्याच ईगलांच्या पायात कडी असतात. एका पायात केंद्रीय सरकारचं चंदेरी कडं आणि दुसऱ्यात राज्याचं रंगीत. न्यू जर्सीत घरट्यात कडं घातलेल्या पिल्लांचं हिरवं असतं आणि त्यावर ठळक अक्षरं-आकडे असतात, ते चांगल्या फोटोत वाचता येतात. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीखाली मेलेल्या एका ईगलचं वय ३८ निघालं, तोवर नोंदलेल्या बाल्ड ईगलांत सर्वांत जास्त. ते कळलं ते १९७७ मध्ये पिल्लू असताना त्याच्या पायात घातलेल्या कड्यावरून.

कड्याचा रंग, अक्षरं, तारीख आणि जागा यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) बर्ड बँडिंग लॅबच्या साइटवर भरा. फोटो असेल तर जोडा, अर्धवट वाचता आलेले आकडेही चालतात. नोंद जुळली की ईमेलने प्रमाणपत्र येतं. त्या पक्ष्याला कडं कुठल्या गावात, कुठल्या साली घातलं, तेव्हा तो पिल्लू होता की मोठा, हे त्यात लिहिलेलं असतं.